मेलेल्यानं बोलायचं नाही

आमच्या ऑफिसात खुर्ची एकच होती, आणि ती मेलेल्यासाठी राखून ठेवलेली होती.

थट्टा करत नाहीये. पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत, एका बिस्किटांच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर आम्ही नऊ माणसं लढाऊ विमानांसाठी रेडिओचे डबे बनवायचो, आणि सगळे उभ्यानं बनवायचो. टेबलं छातीला लागतील एवढी उंच. सर बसत नसत, म्हणून कोणीच बसत नसे. पहिल्या आठवड्यात माझ्या पोटऱ्या अशा भरून आल्या की करंजाला घरी गेल्यावर मी आईपुढे रडगाणं लावलं. आई बंदरावर मासळीच्या लिलावात असते. ती म्हणाली, "मी पहाटपासून उभी असतंय, मना कोन खुर्ची देतंय?" विषय संपला.

सर म्हणजे आमचे मालक, पण मालक म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. वय साठीच्या पुढे. उमेदीची वर्षं फौजेत विमानांचे रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेली. काटक, उन्हानं रापलेले, पायात कायम पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि ते बूट एका जागी दोन मिनिटं थांबले असतील तर शपथ. मीटिंग असली की वडाळे तळ्याभोवती चालत. तीन फेऱ्यांत निर्णय झाला नाही तर विषय रद्द. एकदा एक जाडजूड पुरवठादार दुसऱ्याच फेरीत धापा टाकत म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणाल ते कबूल, पण आता थांबा!" सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, चालताना माणसाचं डोकं कसं झटकन चालतं." मला हा माणूस भयंकर आवडायचा आणि भयंकर डोक्यात जायचा. दोन्ही एकाच वेळी, रोज.

काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपला मोबाईल टॉवरशी बोलतो. टॉवर पडला की मोबाईल म्हणजे नुसती काच. आभाळात तर टॉवर मुळातच नाही. विमानं घोळक्यानं उडतात, क्षणाक्षणाला जागा बदलतात, आणि तरी पहिल्यानं दिलेला निरोप शेवटच्यापर्यंत गेला पाहिजे. म्हणून आमचा डबा असा, की प्रत्येक विमान फोनही आणि टॉवरही. ऐकायचं आणि पुढे सांगायचं. मधलं एखादं पडलं तर डब्यांनी आपसात दुसरी वाट काढायची, कोणाला न विचारता. पूर आला, वादळात गावातले टॉवर गेले, तरी हाच डबा कामाला यायचा. "वर लढाई असो नाहीतर खाली पूर असो, दुखणं एकच," सर म्हणायचे. "मधला गायब होतो."

या मधल्यानं त्यांना झपाटलं होतं. दाराशी एक फळा होता. त्यावर ऑइलपेंटनं कायमचं लिहिलेलं: आजचा मेलेला. खाली सकाळी साडेनऊला सर खडूनं एकाचं नाव लिहीत. ज्याचं नाव, त्यानं त्या एकुलत्या खुर्चीत जाऊन बसायचं आणि संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही. त्याचं काम बाकीच्यांनी त्याला न विचारता ओढायचं. चहा मिळायचा, बिस्किटं मिळायची, पण मेलेल्यानं बोलायचं नाही. एकदा स्टोअर सांभाळणारे आमचे पाटीलकाका मेले आणि कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या खिशात राहिल्या. मागता येईनात, कारण मेलेल्याच्या खिशात हात घालणं सरांना मंजूर नव्हतं. आम्ही कुलूप तोडलं. पाटीलकाका खुर्चीत बसून डोळ्यांनी शिव्या देत होते. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक किल्लीची जोडी झाली, दोन माणसांकडे. सर खूश.

आणि एकदा, ज्यांच्यासाठी आम्ही डबे बनवायचो तिथले तीन अधिकारी दिल्लीहून तपासणीला येणार, त्याच सकाळी फळ्यावर नाव कोणाचं? सरांचं स्वतःचं. खुर्चीत जाऊन बसले, हाताची घडी. नोकरीला लागून मला जेमतेम सात महिने झाले होते, आणि बाकीच्यांनी मला पुढे ढकललं, कारण म्हणे माझं हिंदी बरं. हिंदी बरं! अधिकारी आत आले, त्यांतल्या वयस्कर साहेबांनी खुर्चीकडे बोट केलं, "ये कौन हैं?"

काय सांगू? म्हटलं, "सर, ये आज गुज़र गए हैं."

"कब?"

"साढ़े नौ बजे."

साहेब असे खदखदून हसले की माझा जीव भांड्यात पडला. पण पुढचे दोन तास त्यांनी मला सोलून काढलं. एका प्रश्नावर मी चुकीच्या बाजूला निघाले, आणि मला सरांच्या बुटाचा आवाज येत होता, टकटक टकटक, फरशीवर. उत्तर त्यांना पाठ होतं. ऑर्डर हातची जात होती. माणूस बोलला नाही. मी थांबले, पाणी प्यायले, उलटी फिरले आणि माझं मीच शोधून काढलं. संध्याकाळी सरांनी स्वतःचं नाव पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि एकच शब्द बोलले, "पोचलं."

हा शब्द म्हणजे त्यांचं दुसरं वेड. तुम्ही सरांना काहीही सांगा, डबा तापला, पाऊस आला, मुलाला ताप आहे, ते आधी "पोचलं" म्हणणार, मग पुढचं. आणि त्यांनी सांगितलेल्यावर तुम्हीही म्हणायचं. नाही म्हटलंत तर तेच वाक्य पुन्हा, त्याच आवाजात, तुम्ही म्हणेपर्यंत. "सांगितलं म्हणजे झालं असं नसतं. समोरच्यानं पोचलं म्हटल्याशिवाय तू काहीच सांगितलेलं नाहीस." काकू, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा म्हणाल्या, "अगं, बघायला आले तेव्हा मी म्हटलं मला तुम्ही पसंत आहात, तर हा बाबा म्हणतो पोचलं! मला वाटलं, वेड्याच्या गळ्यात बांधतायत मला."

आता खरी गोष्ट, माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षातली. डबे हलते ठेवून तपासायचे होते. छोट्या कारखान्याला विमानं कोण देणार? सरांनी आधी पनवेल स्टेशनबाहेरच्या बारा टमटममध्ये डबे ठेवले. निरोप विजेसारखे धावले, कारण बाराच्या बारा टमटम सवारीची वाट बघत एका रांगेत उभ्या होत्या. मग मोटरसायकली घेऊन कर्नाळ्याच्या रस्त्यावर. तिथे तो सुळका मध्ये आला की दोन डबे एकमेकांना दिसेनासे व्हायचे, तो प्रयोग चांगला झाला. पण सरांचं समाधान होईना. "ही माणसं आपली आहेत, आपण सांगू तसं वागतात. मला आपलं न ऐकणारी माणसं पाहिजेत." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे बाबा बोटीवर तांडेल, म्हणजे बोट त्यांच्या हुकमानं चालते. माझ्या काकांची बोट वेगळी. बंदरात ओळखी. मी हो म्हटलं, उड्या मारत म्हटलं.

सात बोटींवर सात डबे लागले. किनाऱ्याचा डबा बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर, तिथून निरोप थेट पनवेलला आमच्या पडद्यावर. प्रत्येक डब्याला एक लाल बटण, संकटात दाबायचं. आणि प्रत्येकावर एक छोटा पडदा, त्यावर बाकीच्या बोटींचे ठिपके, कोण कुठे आहे ते दाखवणारे. डब्यांना वाट काढायला एकमेकांची जागा कळावी लागायची. ती माणसांनाही दाखवावी ही सरांची हौस. बाबा डब्याकडे बघून म्हणाले, "बरा हाय. मोबाईलची रेंज जाते तवा ह्यो येल कामाला."

पंधरा दिवसांत बोटी गायब व्हायला लागल्या. म्हणजे पडद्यावरून. चांगल्या चालताहेत, चालताहेत, आणि ऐन मधल्या समुद्रात ठिपका विझला. दोन-तीन तासांनी पुन्हा हजर. सर हैराण. "खारं पाणी अँटेनात जातंय का?" त्यांनी मला विचारलं.

मला माहीत होतं काय जातंय ते. आदल्याच रविवारी बाबा जेवताना म्हणाले होते, "बाय, मासली लागली का मी डबा बंद करतंय. ठिपका एका जागी थांबला का सगली बंदर तिथं येल. तुज्या सरला सांगू नको हां. माजी अब्रू जाल." आमच्या बंदरात माणूस बायकोचे दागिने दाखवेल, पण मासळीची जागा दाखवणार नाही. वायरलेसवर तर जागा खोटीच सांगायची असते, लहानपणापासून ऐकतेय. मी बापाची लेक. मी सरांना म्हटलं, "असेल, सर. खारं पाणी असेल."

"पोचलं," सर म्हणाले.

पुढचे दोन महिने त्या माणसानं जे केलं ते मला आठवलं की आजही मान खाली जाते. त्यांनी अँटेना पाच वेळा बदलल्या. मेण लावलं, रबर लावलं. या वयात डोलकाठीवर चढले. समुद्र त्यांना सोसायचा नाही. ओकत, तोंड पुसत, पुन्हा चढत. ते बोटीवर असले की डबा अर्थातच चालू राहायचा, कारण पाहुण्यासमोर कोण बंद करणार? उतरले की पुन्हा विझायचा. सर रुमालानं अँटेना पुसत मला विचारायचे, "तुला काय वाटतं?" दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हटलं, मीठ. अरे देवा, किती सहज म्हटलं मी!

मग तो दिवस. सकाळी अकराच्या सुमाराला काकांच्या बोटीवर जाळं ओढायच्या विंचमध्ये माझ्या चुलतभावाचा, नंदूचा, उजवा हात सापडला. काकांनी डब्याचं लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. त्यांच्या बोटीच्या वायरलेसची काडी, म्हणजे अँटेना, महिन्याभरापूर्वी मोडली होती, आणि डबा आहे ना, म्हणून कोणी दुरुस्त केली नव्हती. किनारा दूर. मध्ये एकच बोट होती जी ऐकून पुढे सांगू शकली असती, ती माझ्या बापाची. बाबांना त्या दिवशी घोळ लागली होती, सोन्याच्या भावानं जाणारी मासळी.

पनवेलला आमचा पडदा स्वच्छ. काही नाही. आम्ही चहा पीत होतो.

काकांनी बोट तशीच किनाऱ्याला आणली, संध्याकाळचे पाच वाजले. निरोप आला असता तर अर्ध्या वाटेवर वेगवान बोट गेली असती. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर दोन बोटं वाचली असती. बाबा घोळ घेऊन हसत धक्क्याला लागले आणि त्यांना तिथे कळलं.

सकाळी मी ऑफिसात गेले. सर खिडकीशी उभे, हातात काकांच्या बोटीवरून काढलेली अँटेना, रुमालानं पुसत होते. मी म्हटलं, "सर, अँटेनाला काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं. मासळी लागली की बाबा डबा बंद करतात. मला पहिल्यापासून माहीत होतं."

आणि मी थांबले. त्या एका शब्दासाठी. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, पण आधी तो शब्द. सरांनी अँटेना टेबलावर ठेवली, रुमालाची घडी करून खिशात घातली आणि जिना उतरून गेले. चार वर्षांत मी सांगितलेली ती एकच गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली नाही, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझं नाव. बसले खुर्चीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा माझंच. चौथ्या दिवशीही. एकाच माणसाला सलग दोनदा मारायची रीत नव्हती, पण विचारणार कोण? मला तर बोलताच येत नव्हतं. सर सकाळी नाव लिहायचे, माझ्याकडे न बघता, आणि मोटरसायकलवर कुठेतरी निघून जायचे. मी बसून. तोपर्यंत मला त्या खुर्चीचा हेवा वाटायचा, आता ती अंगाला चावायला लागली. बाकीचे माझं काम करत होते, चुकत होते, मला दिसत होतं. पाटीलकाका चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त ठेवायचे आणि डोळे चुकवायचे. माझी टाच आपोआप फरशीवर आपटायची, टकटक टकटक. नोकरी सोडायची म्हणून अर्ज लिहिला, पण मेलेल्यानं अर्ज तरी कसा द्यायचा?

सर कुठे जातात ते घरी कळलं, घरी मी मेलेली नव्हते. ते करंजाला जात होते. जिना उतरून गेले त्याच दिवशी त्यांनी सातही तांडेल धक्क्यावर जमवले आणि येरझाऱ्या घालत एकच विचारलं, "काल अकरा वाजता कोणाकोणाचा डबा बंद होता?" मग बाबा पुढे झाले. "माजा बंद व्हता. मासली लागली व्हती." मग दुसरा म्हणाला, माझापण. तिसरा. चौथा. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच लबाड आहोत, दुसऱ्यांची जागा आपल्याला दिसतेय आणि आपली कोणाला दिसत नाही. सातांतले सहा बंद. चालू होता तो फक्त काकांचा, आणि तो बंद असलेल्यांना हाका मारत होता.

"मग सर काय म्हणाले?" मी बाबांना विचारलं.

"काय नाय. मोडलेल्या काडीचा इचारलान. डबा हाय म्हनून काडी बसवली नाय, असा तुजा काका बोलला. तवा तुजा सर खाली बसला."

"बसले?" मी ओरडलेच.

"धक्क्यावर. ओल्यात. बोलला, मी तुमची जागा सगल्यांना दाखवली, तुमाला इचारला नाय. चूक माजी हाय."

तो माणूस बसला ह्याचं मला नंदूच्या हाताइतकंच वाईट वाटलं, आणि असं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

पुढच्या दिवसांत सरांनी डबे उघडले. ठिपक्यांचा पडदा काढून टाकला. डबा आता कोणालाच जागा सांगेना. कोण कोणाला ऐकू येतंय एवढ्यावरच तो वाट काढायचा. लाल बटण दाबलं तरच जागा उघडायची, नाहीतर नाही. वाट थोडी लांबची निघायची, निरोप थोडा उशिरा जायचा, पण डबा बंद करायचं कोणाला कारण उरलं नाही. नंतर हाच डबा विमानांसाठीही पसंत पडला, कारण आभाळातही आपली जागा चारचौघांना दाखवत फिरणं कोणाला परवडतं? पण हे नंतरचं. आणि काकांच्या वायरलेसची काडी सरांनी स्वतः चढून बसवली.

नवव्या दिवशी सकाळी मी आले. सर आलेच नव्हते. फळ्यावर आदल्या दिवशीचं माझं नाव तसंच. म्हणजे मेलेलीच. बसले. त्या दिवशी सातही बोटी समुद्रात होत्या, सर सगळ्यांत लांबच्या बोटीवर, एवढं मला बाबांकडून माहीत. बाबा म्हणाले होते, "आज मासली लागली तरी डबा चालू ठेवीन. बघू."

दुपारी बाराच्या पुढे पडदा वाजला. सगळे हातातलं टाकून तिकडे गेले. मी खुर्चीतून मान लांब केली. निरोप कुठून कुठून आला ते वर लिहून येतं. सरांची सातवी बोट, मग सहावी, मग काकांची, मग चौथी, तिसरी, मग बाबांची, मग पहिली, मग बर्फाचा कारखाना. बाबांना त्या वेळी मासळी लागली होती, जाळं भरलेलं होतं, हे मला संध्याकाळी कळलं. निरोप माझ्या नावानं होता. पाटीलकाकांनी मोठ्यानं वाचला. एकच शब्द होता.

"पोचलं."

फळ्यावर माझं नाव होतं, नियम मला पाठ होता, आणि मी खुर्ची मागे पाडून एवढ्या जोरात ओरडले की खालच्या गोदामातली माणसं वर धावत आली.